लंका जाळली त्याच्या देवळाशी

"मग माझं नावच बदला की!" मारुतराव ओरडले. "आईबापानं ठेवलेलं नाव बायकोला ट्राममधी अडचणीचं होतंय, म्हणून बदलून टाका!"

"नाव बदला म्हनलंय का कुनी?" रुक्मिणीबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मुंबईत एकदाच घेनार, येवढंच म्हनते. त्या तिकीटवाल्याच्या कानात."

"परक्या पुरुषाच्या कानात?"

"मग काय तुमच्या कानात घेऊ? तुमी थोडंच तिकीट फाडनार हाय!"

दिघीतल्या त्या घरात हे भांडण दुपारपासून चाललं होतं. मुंबईहून जावयाचं कार्ड आलं होतं. शालनचे दिवस भरत आले होते. तिची सासू गेल्या वर्षी वारली, नवरा गिरणीत, घरात दुसरी बाई नाही. तेव्हा आईनं लगेच निघायला हवं होतं. मारुतराव नुकतेच पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात लागलेले, त्यांना रजा मिळत नव्हती. म्हणजे रुक्मिणीबाई एकट्याच जाणार. खडकीला आगगाडीत बसायचं, बोरीबंदरला उतरायचं आणि तिथून ट्रामनं शालनच्या चाळीपर्यंत. इथपर्यंत सगळं सोपं होतं. पण चाळीजवळच्या स्टॉपला सगळी मुंबई 'मारुतीचं देऊळ' म्हणत होती, आणि बाईंचे मालक होते मारुतराव.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे त्या घरात कायद्यासारखं होतं. मारुतराव तसं मानत नसत. पण आपल्या आयुष्यावर कोणी प्रयोग करावा, हेही त्यांना पसंत नव्हतं.

'हनुमान' म्हणावं, तर सासऱ्यांचं नाव हणमंतराव. 'बजरंगबली' म्हणावं, तर मोठे दीर बजरंग. घराण्याची भक्ती अशी, की सुनेला देवाचं एकही नाव मोकळं ठेवलं नव्हतं. गावात ते अडत नसे. रुक्मिणीबाई 'वेशीवरचा देव' म्हणत आणि सगळ्यांना समजे. मुंबईला वेस नव्हती.

एरवी बाई जिभेनं लुळ्या नव्हत्या. खडकीला लष्करी बंगल्यांवर दूध घालत. दुधात पाणी आहे असं कोणी म्हटलंच, तर "पानी तुम्हारे आँख में है" असं हिंदीत सुनावून येत. घाबरणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. पण नाव घ्यायची वेळ आली की ओठ शिवल्यासारखे होत.

शालनच्या थोरल्या मुलाच्या बारशाला त्या अशाच एकट्या गेल्या होत्या. मारुतरावांनी पत्ता स्वतःच्या हातानं लिहून दिला होता, तोही मोडीत, वळणदार. ट्राममधल्या कंडक्टरनं तो कागद उभा धरला, आडवा धरला आणि विचारलं, "बाई, ही सोनाराची चिठ्ठी आहे का?" मग बाई मुकी आहे अशी समजूत करून घेऊन तो हातवारे करू लागला. तेव्हा रुक्मिणीबाईंना राग आला.

"मुकी न्हाई मी! ज्यानं लंकेला आग लावली ना, त्याच्या देवळापाशी उतरायचंय."

नेमकी तेव्हाच ट्रामची घंटा घणघणली. त्या आवाजात लंका बुडाली आणि कंडक्टरच्या कानात गेली ती फक्त आग. "आग? अहो, मग आधी नाही सांगायचं!" असं म्हणून त्यानं त्यांना भायखळ्याला, आगीचे बंब ठेवतात त्या मोठ्या इमारतीसमोर उतरवलं.

फाटकावरच्या शिपायानं घाईघाईनं विचारलं, "कुठं लागली?"

"लंकेला," बाई म्हणाल्या.

शिपायानं त्यांना सावलीत बसवलं आणि कपाळावर पाणी मारलं. खरा प्रकार त्याला उमजेपर्यंत आणि बाई चालत चालत चाळीत पोचेपर्यंत दिवे लागले होते. पाळणा म्हणून झाला होता, बायका घुगऱ्या घेऊन गेल्या होत्या आणि बाळ झोपलं होतं. इतक्या हौसेनं शिवलेली कुंची बाईंनी त्याच्या उशाशी ठेवली. गावी आल्यावर बंबवाल्याची गोष्ट त्यांनी सगळ्यांना हसून सांगितली. ती कुंची घालायची राहिली, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

"तवा बारसं हुकलं," रुक्मिणीबाईंनी भाकरी तव्यावर आपटली. "आता बाळंतपन हाय. पोरीला कळा सुटतील, आन मी बंबापाशी बसून ऱ्हायची व्हय?"

"उखाण्यात घे. उखाण्यात चालतं," मारुतरावांनी तोड काढली.

"चालत्या ट्राममधी उखाना? आन मग काय, कंडाक्टरनं मला हळदीकुकू लावायचं?"

"मास्तरांकडून बालबोध चिठ्ठी आणू मग."

"चिठ्ठी नको. कागद दाखवला की मानसं बाईला मुकी समजत्यात. मी तोंडानं सांगनार. तुमाला काय व्हायाचं ते व्हऊ द्या."

मारुतरावांनी नकळत आपली नाडी धरली होती.

दोघंही आता कोपऱ्याकडे पाहू लागली. तिथं सासूबाई, कौशल्याबाई, दुपारपासून मिश्री लावत बसल्या होत्या. घरातला तो कायदा त्यांचाच. खडकीच्या पुढं त्या जन्मात गेल्या नव्हत्या, आणि आगगाडी त्यांनी लांबून पाहिली होती तीही पदर नाकाला लावून.

त्यांनी चूळ भरली.

"सुनंनं नाव घ्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, पोर एकटी हाय तिथं!" रुक्मिणीबाईंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला.

"माजी नात हाय ती, मला ठावं हाय. तू घ्यायचं न्हाई म्हनलं मी. मला कुनी अडवलंय? मी जल्म दिलाय ह्याला. मारत्या, मारत्या म्हनून दिसभर वरडत असते, अजून काय झालं न्हाई त्याला."

"आये, तू? ट्राममधी?" मारुतराव उभेच राहिले.

"बस खाली, मारत्या." म्हातारीनं मिश्रीची डबी कमरेला खोचली. "उद्या सकाळच्या गाडीनं मी सुनंसंगं मुंबईला जानार. नाव मी घेईन. तिनं निस्तं उतरायचं."