विमानासाठी निवडक तेल

"तेल फार चांगलं आहे," ऑडिटर सबनीस मॅडम म्हणाल्या. आमच्या लॅबमध्ये याहून वाईट बातमी नसते.

खराडीतली आमची कंपनी तळणीचं वापरलेलं तेल गोळा करते. रिफायनरीत त्यापासून विमानाचं इंधन बनतं. त्याला सॅफ म्हणतात. विमान बॅटरीवर लांब नेता येत नाही, बॅटरीचं वजनच पेलवत नाही. म्हणून नेहमीच्या इंधनात हे मिसळायचं. जाळल्यावर कार्बन बाहेर पडतोच, पण तो तेलबियांच्या पिकाने आधी हवेतूनच घेतलेला असतो. अट एकच. तेल खरोखर टाकाऊ हवं. नाहीतर ताटातलं तेल विमानात जायचं.

तळून तळून तेलात आम्ल वाढतं. त्यावरून ते वापरलेलं आहे हे कळतं. नारायण पेठेत चकलीचा गृहउद्योग चालवणाऱ्या लिमये काकूंच्या डब्यात आम्ल जवळजवळ नव्हतंच.

"ताजं तेल वापरलेलं म्हणून खपवताय?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, त्या रोज चकल्या तळतात."

"कशात? पाण्यात?"

आमचे मॅनेजर घाटगे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तेल टाकाऊच असल्याचं सर्टिफिकेट गेलं तर आपलं सेंटर बंद. काकूंना तू जोडलंस, तूच निस्तर. नाहीतर रेझ्युमे अपडेट करायला घे."

मी बार्शीचा, घरातला पहिला पदवीधर. या नोकरीचे पेढे वडिलांनी अख्ख्या गल्लीत वाटलेत. ते परत कसे मागणार?

"मॅडम, आपण स्वतःच येऊन बघा," मी म्हणालो. कॅब करून आम्ही नारायण पेठेत काकूंच्या घरी पोचलो.

काकू सोऱ्यात पीठ भरत होत्या. मी विचारलं, "काकू, कालच्या डब्यात कोणतं तेल दिलंत?"

"चांगलं. सकाळी फोडलेल्या डब्यातलं."

"पण आम्हाला वापरलेलं हवं होतं!"

"हो, ऐकलं होतं मी. पण तूच डब्यावर विमानाचं चित्र चिकटवून गेलास. म्हटलं, आत माणसं बसणार. त्यांना जळकं तेल कसं द्यायचं? आमच्याकडे पाहुण्यालासुद्धा कालची चकली देत नाहीत."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, विमान ते तेल खात नाही."

"मग पितं का?"

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "तळणीचं तेल कुठे आहे?"

"मोरीत. दाखवते, पण नाक धरा."

मोरीत दोन डबे होते. तेल काळंकुट्ट, वर चकलीचा चुरा तरंगणारा. मॅडमनी टेस्ट स्ट्रिप बुडवली. आम्ल वाढलं की या कागदी पट्टीचा रंग बदलतो. तो झटकन बदलला. इतका सुंदर रंग मी आयुष्यात पाहिला नव्हता. कढईजवळ चालू वापराचा ताजा डबाही अर्धा रिकामा दिसला, म्हणजे कालचं तेल त्यातलंच होतं.

"सर्टिफिकेट राहील," मॅडम म्हणाल्या. "कालचा डबा परत करा. आणि यापुढे तेल घेताना प्रत्येकाच्या दारात पट्टी बुडवून बघायची."

माझा जीव भांड्यात पडला. काकूंनी आम्हा दोघांना बशीत चकल्या दिल्या. ताज्या. मॅडमनी आधी "ऑडिटमध्ये चालत नाही" म्हटलं आणि मग एक उचलली.

"एवढं सगळं करून विमान वेळेवर सुटणार का?" काकूंनी विचारलं.

"ते आमच्या खात्यात येत नाही," मी म्हणालो.

"वाटलंच."

आता नवा पुरवठादार जोडताना मी आधी हात जोडतो आणि सांगतो, "तुमच्या घरातलं सगळ्यात वाईट तेल द्या." निम्मे लोक उत्तर देतात, "आमच्याकडे वाईट काही नसतं." सॅफचं रसायनशास्त्र मला चार वर्षांत शिकवलं. पुण्यातल्या स्वयंपाकघरातून वाईट तेल मागून आणायचं कसं, ते कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.