शाईआत्याचा पत्ता

माझ्या आत्याची बोटं बाराही महिने निळी. जुनी शाईची पेनं दुरुस्त करायची ती, म्हणून सगळे तिला शाईआत्याच म्हणत. वाकडी झालेली निब भिंगाखाली धरून ती अशी सरळ करायची, की मालकाला त्याचं हरवलेलं अक्षर परत मिळायचं.

लांबून टपालाने पेनं यायला लागली, तेव्हा पत्ता कुठला द्यायचा हा प्रश्न पडला. तिची खोली पिठाच्या गिरणीमागे, तिसऱ्या मजल्यावर, जिना अंधारा. "असल्या पत्त्यावर महागाचं पेन कोण पाठवेल गं?" म्हणाली. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांचं वह्या-कागदांचं दुकान अगदी हमरस्त्यावर. "ताई, माझाच पत्ता दे की. मी काय परका आहे?" आत्याला भरून आलं. मला त्या वाक्याची आजही चीड येते.

दुरुस्त केलेलं पेन नीट चालतंय का हे पाहायला ती चिठ्ठीवर एक ओळ लिहायची आणि ती चिठ्ठी पेनासोबत पाठवायची. त्या ओळीत काय, तर पत्ता. बाबांच्या दुकानाचा. अकरा वर्षं स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात तिने भावाची जाहिरात घरोघर धाडली.

सुरुवातीला बाबा पार्सलं तशीच आणून देत. मग "काही फुटलंबिटलं नाही ना बघतो" म्हणून उघडायला लागले. मग त्यांनी एक कारागीर ठेवला आणि सोपी कामं दुकानातच ठेवून घेतली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! शेवटी आत्याकडे एकही पेन येईना. तिने विचारलं तर म्हणाले, "हल्ली शाईने लिहितं कोण, ताई?" तिला ते पटलं. पार्सलांचा ढीग मी रोज बघत होते, पण बापाच्या घरात राहून बापाविरुद्ध बोलायची माझी छाती नव्हती.

एका दुपारी दुकानात मी एकटीच होते. एक म्हातारे मास्तर काळं पेन घेऊन आले. हळूच म्हणाले, "बाईंना आता अजिबातच दिसत नाही का हो?"

"कोण म्हणालं?"

त्यांनी खिशातून पत्र काढलं. अक्षर बाबांचं. बहिणीची दृष्टी गेली आहे, यापुढे काम आमचा कारागीर करील.

मास्तरांना घेऊन मी तो जिना चढले आणि पत्र आत्याच्या हातात दिलं. तिने ते भिंगाशिवाय वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आणा ते पेन."

अर्ध्या तासात निब सरळ झाली. तिने चिठ्ठी ओढली, सवयीने लिहायला लागली आणि दुकानाच्या नावापाशी थांबली. ते खोडलं.

"आपल्या दाराचा आकडा काय गं?"

तीस वर्षं त्या खोलीत राहून तिला तो माहीत नव्हता. विजेचं बिलसुद्धा बाबांकडेच यायचं.

मी बाहेर जाऊन पाहिलं. चौकटीवर पत्र्याची पट्टी होती, पण तिच्यावर रंगाचे इतके हात बसले होते, की आकडा काही केल्या वाचता येईना. मी नखाने खरवडत राहिले. आतून आत्या विचारत होती, "सापडला का गं?"