आईच्या बुटांच्या नाड्या

काल, मी राहते त्या कासलबारजवळच्या क्रो पॅट्रिक या ख्रिस्ती तीर्थाच्या डोंगरावरून एक आजोबा अनवाणी उतरताना दिसले. नवस फेडावा तसे इथले काही भाविक हा डोंगर अनवाणी चढतात. आजोबांची लालबुंद पावलं पाहिली आणि आई आठवली.

ती पुण्याहून माझ्याकडे आली होती तेव्हा आम्ही इटलीला, डोलोमाइट्सच्या डोंगरांत गेलो होतो. गुडघे दाबत, थांबत थांबत ती शिखरावर पोचली. तिथे लोखंडी क्रॉस होता. ढग भरून आले होते, आणि आई शांतपणे बुटांच्या नाड्या सोडत होती.

"आई, पाऊस येतोय. चल ना."

"एवढं वर आणलं त्यानं. बूट घालून कसं भेटू?"

गार खडकावर उभं राहून तिनं हात जोडले. मला फक्त पावसाची काळजी होती. नंतर तिला वाकवेना, म्हणून मीच गुडघे टेकून तिला बूट घातले. पाय बर्फासारखे गार पडले होते. ऊब यावी म्हणून ते ओंजळीत धरून ठेवले.

आई आता नाही. मी पाया पडायला वाकले की ती कायम मागे सरकायची, "पुरे गं" म्हणायची. त्या शिखरावर मात्र ती हलली नाही.