सर्वात कमी दराचा चेहरा

मी मूळ फोटोंवरच सेव्ह केलं. कॉपी ठेवली नाही, वेगळं फोल्डर केलं नाही; बारा वर्षांचे फोटो जिथे होते तिथेच नव्याने लिहून टाकले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचताना कोणाला वाटायचं की मी भुताची गोष्ट सांगतोय. भूत वगैरे काही नव्हतं. मी होतो.

मी ग्रामसेवक होतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बोर्ली पंचतनच्या बाजारात मला "भाऊसाहेब" अशीच हाक येते, आणि कोणी दाखला मागायला तर नाही ना आलं, म्हणून मी अजून दचकतो. कॅमेरा नोकरीतच घेतलेला. सुरुवातीला कामाचेच फोटो: नव्या शौचालयापुढे लाभार्थी उभा, हातात पाटी, चेहऱ्यावर गुन्हा केल्यासारखा भाव. त्यातून नाद लागला. मग आमच्या विहारातले कार्यक्रम, भावकीतली लग्नं, नागावला मेव्हण्याच्या होमस्टेवर येणारे पाहुणे, सगळीकडे मी गळ्यात कॅमेरा अडकवून.

फोकस माझा नेहमी पाहुण्यांवर. मागचं सगळं धूसर आलं की फोटो भारी दिसतो, असं मी एका व्हिडिओत ऐकलं होतं, म्हणून लेन्सही तसलीच घेतली. त्या धूसरपणात बारा वर्षं दादा उभे होते.

दादा म्हणजे आमच्या वाडीतले. विहारात काहीही असो, पंगतीला वरणाची बादली त्यांच्याच हातात. पाहुणा भाषण करतोय, मागून दादा बादली घेऊन चाललेत; पाहुण्याला हार घालतायत, मागे दादा वाकलेत. गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. आठवड्याने त्यांची बायको, आमच्या वहिनी, माझ्याकडे आल्या.

"जयभीम भाऊसाहेब. येत्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय. भिंतीवर लावायला फोटो पायजे."

"आधार कार्डावरचा असेल ना?"

"आधारवरचा!" वहिनी म्हणाल्या. "त्यातल्या मानसाला मी घरात घेनार न्हाय. तुमी एकदा पंगतीत काढलेला, दादा हसतायत, तो द्या. तेवढाच एक हसताना हाय."

तो फोटो होता. दादा तिसऱ्या रांगेच्या मागे, खांदा बादलीच्या बाजूला झुकलेला, हसतायत एवढं कळतं. बाकी चेहरा म्हणजे ओल्या बोटाने पुसलेला. मी छाती काढून म्हणालो, "काळजी करू नका. आता अशी सॉफ्टवेअरं आलीत की धूसर चेहरा आरशासारखा होतो."

इथून निवड सुरू झाली. फोटो सुधारायची मोठी सॉफ्टवेअरं असतात आणि त्यांना जोडायची छोटी, म्हणजे प्लगइन. एक आकाश बदलतं, एक कातडी गुळगुळीत करतं, एक चेहरे स्पष्ट करतं. दोन दिवस मी दाढीवाल्या पोरांचे व्हिडिओ बघितले. प्रत्येकजण म्हणे, आपलंच घ्या. शेवटी माझ्यातला सरकारी माणूस जागा झाला. मी वहीत तुलनात्मक तक्ता केला. नाव, दर, वर्षाचं भाडं की एकदाच खरेदी, शेरा. चेहऱ्याच्या प्लगइनची तीन दरपत्रकं मिळाली आणि तीस वर्षांच्या सवयीने मी खाली लिहिलं: सर्वात कमी दर मंजूर.

कोणत्या प्लगइनने चेहरा कसा येतो, हा रकाना तक्त्यात नव्हता.

एकच फोटो करायचा होता. पण हौस! म्हटलं, सगळंच फोल्डर घालू या, मागचे सगळे धूसर लोक एकदाचे स्पष्ट होऊन जातील. प्लगइनने विचारलं, नवीन प्रत करू की मूळ फाइल बदलू? आता ज्या माणसाने तीस वर्षं दुबार नोंदीबद्दल तपासणीत बोलणी खाल्ली, तो काय करणार? मी "मूळ फाइल बदला" वर खूण केली आणि चहा टाकायला गेलो. बॅकअप होता. फोटो बदलले तसा तोही तासाभरात आज्ञाधारकपणे बदलून बसला.

दुपारची वेळ. बायको महिला मंडळात गेलेली. मागे सुपाऱ्यांत वारा, मधूनच एखादी झावळी धाडकन खाली पडायची. मी कप घेऊन बसलो आणि पंगतीचा फोटो उघडला.

दादा लख्ख दिसत होते. भुवयांचा केस न् केस वेगळा. डोळे थेट माझ्याकडे. हसू रुंद, दात पांढरेशुभ्र, सगळे एका ओळीत. मी खूश झालो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे इथे नमूद करतो.

पुढचा फोटो झेंडावंदनाचा. झेंड्याच्या पलीकडे गर्दीत एक माणूस, केस न् केस वेगळा, थेट माझ्याकडे बघून हसतोय. म्हटलं, दादा इथेही होते वाटतं.

पुढचा नागावचा. पुढे मेव्हण्याचे पाहुणे, मागे समुद्र. दूर गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा. मोठा करून बघितला. तोच. एवढ्या लांबून त्याचे दात मोजता येत होते.

मी कप खाली ठेवला.

मग एकामागून एक. भाचीच्या लग्नात मागच्या रांगेत बसलेल्या पाच बायका. पाचही जणींना तोच चेहरा, एकीला नथीसकट. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजच्या कडेला तोच, अंगात फ्रॉक. माझ्या निरोप समारंभात मी शाल घेऊन उभा, आणि पाठीमागच्या खिडकीच्या गजांतून तो बघतोय. कोणाच्या लग्नात, कोणाच्या बारशात, कुठल्या उद्घाटनात, बारा वर्षं हा माणूस माझ्या मागेमागे आलेला, आणि मला पत्ता नाही.

खरी धडकी पुढे भरली. बायकोचा एक फोटो होता, परसात कपडे वाळत घालतानाचा. त्यात दुसरं कोणीच नव्हतं. मला पक्कं आठवतंय. आता दोरीवरच्या माझ्या सदऱ्याला, कॉलरच्या जागी, चेहरा होता. बाहीला हात नाहीत, खाली पाय नाहीत, वर हसरा चेहरा. आणि फणसाच्या खोडावर, जिथे गाठ होती तिथे, आणखी एक, लिंबाएवढा.

आता मला कळतं की स्वस्तातल्या त्या प्लगइनकडे बहुधा एकच चेहरा होता. जिथे कळलं नाही, तिथे तो चिकटवत गेला. जिथे माणूस नव्हता तिथेही. पण हे त्या वेळी भर उन्हात, एकट्या घरात सुचत नाही. मी उठून परसात गेलो. दोरीवर खरोखरचा सदरा होता, तो काढून आणला, मागचं दार लावलं आणि सदरा घडी घालून पेटीत ठेवला.

बायको आली. तिला पंगतीचा फोटो दाखवला.

"हा कोण?"

"अगं, दादा."

"हे दादा?" ती वाकली, लगेच मागे सरली. "बंद करा ते. तो मला ओळखत असल्यासारखा बघतोय."

मग मी उरलेली दोन्ही दरपत्रकं फुकट चाचणीवर उतरवली आणि त्याच बिघडलेल्या फोटोवर चालवली. महागड्याने मला मंत्रालयातला एखादा उपसचिव काढून दिला. मधल्याने त्याच्यावर वीस वर्षं चढवली आणि डोळे निळसर केले. सगळ्या चेहऱ्यांखाली खांदा तेवढा दादांचा.

त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या दिवशी समजली. म्हटलं, डोळे मिटून खरे दादा आठवू. वीस वर्षं ओळखत होतो, त्यांच्या हातचं वरण किती वेळा खाल्लं. आठवेना. डोळे मिटले की तोच दातवाला. बादली तीच, आवाज तोच, "भाऊसाहेब, अजून वाडू का?" आणि वरती तो चेहरा. एसटी स्टँडवर मला लांबून एक माणूस येताना दिसला. मी मासळीची पिशवी घट्ट धरून तो जवळ येईपर्यंत उभा राहिलो. जवळ आला तर तलाठी कार्यालयातला शिपाई. तो म्हणाला, "काय भाऊसाहेब, भूत बघितल्यासारखं काय करताय?"

शनिवारी वहिनी आल्या. बरोबर मुलगी, कार्यक्रमासाठी नवी मुंबईहून आलेली. मी थेट पंगतीचा फोटो लावला. मनात आशा होती की नवऱ्याला बायको कशीही ओळखेल.

वहिनी स्क्रीनजवळ वाकल्या.

"ह्यो कोन?"

"वहिनी, मशीनने जरा साफ..."

"न्हाय," त्या म्हणाल्या. "दादांना म्होरचे दोन दात न्हवते. व्हटाच्या डाव्या कडंनं हसायचे. ह्यो दुसराच कोन तरी हाय."

मुलगी स्क्रीनकडे टक लावून होती. ती हळूच म्हणाली, "पण आई, बाबा असेच तर दिसायचे ना?"

 वहिनींनी मुलीकडे असं बघितलं की माझ्या अंगावर काटा आला.

"बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. अहो-जाहो सुटलं होतं. "पोटची पोर हाय ती. दोन मिंटं बघितलं आनि बापाला इसरली. ह्यो भिंतीवर लावला, तर नातू ह्यालाच आजोबा म्हननार. मग माजा मानूस कुठं र्‍हायला? कुनाच्याच डोक्यात न्हाय र्‍हायला. आदीचा फोटो काढ."

मी सांगितलं. मूळ फोटोवर सेव्ह, दुबार नोंद, बॅकअप, सगळं. वहिनींनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. मुलगीच म्हणाली, "काका, दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये हे फोटो कधी उघडले होते का?"

उघडले होते. कॅमेऱ्याबरोबर सीडीवर एक साधं सॉफ्टवेअर आलं होतं, फोटो नुसते बघायचं. वापरायला गचाळ, म्हणून मी ते तक्त्यातही घेतलं नव्हतं. तसली सॉफ्टवेअरं फोटोंची लहान लहान चित्रं स्वतःजवळ साठवून ठेवतात. मी ते उघडलं.

पोस्टाच्या तिकिटाएवढी चित्रं, ओळीने. आणि सगळी जुनी! झेंड्यामागे नुसती गर्दी. नागावच्या पाण्यात नुसता एक ठिपका. परसात सदरा, त्याला कॉलर. मला रडू येतंय की हसू, समजेना.

तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात एक छोटं चक्र फिरायला लागलं. सॉफ्टवेअरच्या लक्षात आलं होतं की फाइली बदलल्यात; ते एकेक चित्र ताजं करायला निघालं होतं. वरून पहिलं बदललं. दुसरं. झेंड्यामागे तो आला. माझा निरोप समारंभ: खिडकीत तो आला. तिकिटाएवढ्या चौकटींतून एकेक करून तो खाली उतरत होता, ओळीमागून ओळ, आणि पंगतीचा फोटो पाचव्या ओळीत.

"काका, थांबवा ना ते!"

"कसं थांबवू, बटण कुठलं?" मी माऊस पकडला. फाडकन वहिनींची चापट माझ्या मनगटावर बसली.

"हात लावू नको!"

मुलीने मोबाइल काढला, स्क्रीनला नाक लागेल एवढी वाकली आणि फोटो काढत सुटली. तिसरी ओळ गेली. चौथीत भाचीच्या लग्नातल्या बायका गेल्या, पाचही. पाचवीतलं पहिलं चित्र गेलं. मग पंगतीत, तिसऱ्या रांगेमागे, तो बादली घेऊन आमच्याकडे बघून हसला.

"मिळाला?" वहिनींनी विचारलं.

मुलीने मोबाइल पुढे केला. स्क्रीनच्या रेघा उमटल्या होत्या. रंगाचे चार ठिपके, त्यात चेहरा म्हणजे तांदळाचा दाणा. ना डोळे, ना दात. खांदा एका बाजूला झुकलेला, मान दुसऱ्या बाजूला, आणि दाण्याच्या डाव्या कडेला थोडी जास्त सावली.

वहिनींनी मोबाइल हाताएवढा लांब धरला. मग आणखी लांब, मुलीच्या हातात देऊन दारापर्यंत मागे गेल्या आणि तिथून बघितलं.

"हां," त्या म्हणाल्या. "हेच."

मुलगीही मोबाइल टेबलावर टेकवून त्यांच्या शेजारी दारात जाऊन उभी राहिली. तिने बघितलं, आणि आईचा हात धरला. मीही गेलो. दारातून खरंच दादा दिसले: आता "अजून वाडू का" म्हणून विचारतील असे, तोंडात पुढे दोन दात नसलेले. मला ते आठवले. 

वहिनी आता शांत झाल्या होत्या, अहो-जाहो परत आलं होतं. उद्या सकाळीच बाजारातून फ्रेम करून आणायची, असं मायलेकींचं ठरत होतं. मला वाटलं, एवढं सगळं माझ्यामुळे झालं, तर आपणही काही करावं. म्हणालो, "वहिनी, द्या इकडे. त्या रेघा तेवढ्या काढून, जरा किंचित साफ करून..."

वहिनींनी मोबाइल उचलला, मुलीच्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमी शौचालयाचेच फोटो काढा."