पिंपातले तेल का दाटले

दिनांक १४ जानेवारी १९३२ रोजी रत्नागिरीच्या बंदरावरून यमुनाबाईंच्या भातगिरणीत इंजिनाच्या कच्च्या तेलाची दोन पिंपे आली. किंमत पंचवीस रुपये दोन आणे. आठव्या दिवशी सकाळी इंजिन खोकून बंद पडले. पहिल्या पिंपातले तेल काकवीसारखे दाट झाले होते.

यमुनाबाईंचा संशय सरळ इंजिनवाल्या भागोजीवर गेला. भागोजी अकरा वर्षे ब्रह्मदेशातल्या तेलविहिरींवर होता. तिथला साहेब जमिनीच्या पोटातली ऊब आणि दाब बंद लोखंडी भांड्यात आणून तेल किती पातळ राहते ते तपाशी, आणि सेकंद मोजून वहीत मांडणे भागोजीकडे असे. त्या आकड्यांवरून नव्या विहिरीतून किती तेल निघेल याचा अंदाज बांधत. गावी परतल्यावरही प्रत्येक पिंपातले तेल तळाला भोक असलेल्या पेल्यातून किती सेकंदांत गळते ते मोजायची खोड त्याला राहिली. तीच आता अंगाशी आली. त्यात त्याच्या मेव्हण्याचा मिरजोळ्याला उंडीच्या बियांच्या दाट, स्वस्त तेलाचा घाणा.

"पेला घेऊन पिंपाशी का घुटमळतोस ते आज कळलं," बाई म्हणाल्या. "तेल उपसलंस नि वर उंडी ओतलीस. तीही खर्चापेक्षा दोन बोटं कमी! चोरीसुद्धा धड जमली नाय, मेल्या."

"काकी, थंडीनं दाटलं असेल."

"थंडी काय माझ्याच पिंपात शिरली?"

दुपारपर्यंत खुलासा झाला नाही तर चौकीवर कळवणार, असे त्यांनी बजावले. तेलचोर म्हणून एकदा बोभाटा झाला असता, तर केळशीपर्यंत कुणी भागोजीला इंजिनाला हात लावू दिला नसता.

त्याने शेजारच्या केरू लोहाराकडून टोपलीभर कोळसे आणले, पाणी तापवले आणि पेलाभर तेल त्यात धरले. थर्मामीटर ब्रह्मदेशातला होता. घड्याळ मात्र बाईंनी नवऱ्याचे आणले आणि स्वतःच्याच मुठीत ठेवले.

वहीतल्या आजवरच्या नोंदींप्रमाणे या उबेला तेल एकतीस सेकंदांत गळायला हवे होते. सत्तेचाळीस लागले.

"गेली ना थंडी? आता बोल!"

भागोजीने वहीची ब्रह्मदेशातली जुनी पाने उलटली. एका ठिकाणी त्याच्याच अक्षरात होते: भांड्याची झडप उघडली, वायू उडाला, ऊब तीच, तेल दाट. त्याने पिंपाकडे पाहिले.

"काकी, दोन बोटं कमी झालं हे कसं कळलं?"

"काठी घातलेय आत. रोजचा खर्च वजा करून खूण बघते."

"मग बूच?"

"काठी असल्यावर बूच कसं बसेल? फडका टाकलाय. पिंपही अंगणात घेतलंय, नजरेसमोर."

"आठ दिवस उन्हात, उघडं! हलकं तेल उडून गेलं, काकी. जड तेवढं राहिलं."

"हे तू म्हणतोस."

दुसरे पिंप बुचासकट सावलीत होते. त्याचे बूच बाईंनी आपल्या हाताने उघडले, तेलही आपल्या हाताने काढले. तेवढ्याच उबेला एकतीस सेकंद. त्यांनी आणखी दोनदा मोजायला लावले. एकतीस, बत्तीस.

बाईंनी काठी ओढून काढली आणि बूच ठोकून बसवले.

"घड्याळ तुझ्या पेल्याला सामील नाय कशावरून?" त्या म्हणाल्या. "जा, इंजिन चालू कर."

दोन्ही पिंपांतले तेल निम्मे निम्मे मिसळून भागोजीने इंजिन चालू केले. पुढे १९३८पर्यंत तो त्याच गिरणीत होता. कोळसे बाईंच्या संशयापायी जळले, असे तो म्हणे. तपासणी त्याची होती, असे बाई म्हणत. केरू लोहाराचे कोळशाचे तीन आणे अजून देणे आहेत.