जिभेखालची गोळी

सासऱ्यांसमोर जावयाने कधीही बोलू नये असं एक वाक्य आहे. ते मी मुरबाडजवळच्या सासुरवाडीत, मेहुण्याच्या मुलाच्या जावळाला, सगळ्या भावकीदेखत बोललो आहे.

आदल्या रात्री शेणव्याला, आमच्या घरी, मी एक गोळी घेतली होती. पन्नाशीच्या पुरुषाला अंथरुणात उमेद राहावी म्हणून देतात ती. कल्याणच्या डॉक्टरांनी रीतसर तपासून लिहून दिली होती. (शहापूरलाही डॉक्टर आहेत, पण ते माझ्या बायकोला 'वहिनी' म्हणतात.) त्यांनी एक गोष्ट बजावली होती : "ही घेतल्यावर छातीत दुखलं, तर जिभेखाली ठेवतात ती हृदयाची गोळी घ्यायची नाही. रक्तदाब एकदम कोसळतो. समोर कोणीही असो, आधी सांगायचं." मी हिशेबाचा माणूस. खात्री करायला पाकिटातलं बारीक अक्षरांचं पत्रकही वाचायला घेतलं. त्यातही तेच होतं. बायकोला, सुनंदाला, यातलं काही सांगितलं नव्हतं.

मंडपात जावळाचं मटण खाऊन झालं आणि माझी छाती जळजळू लागली. आग्रहाचा रस्सा वर येतोय हे मला कळत होतं. पण मी छातीवर हात ठेवला तो सासऱ्यांनी पाहिला. त्यांना मागे हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय. तेव्हापासून जिभेखालची गोळी सदऱ्याच्या खिशात असते, आणि ती वापरायची संधी त्यांना अजून मिळाली नव्हती.

"आ करा, जावईबापू."

मी तोंड घट्ट मिटलं. नको म्हणायला उघडावं, तर गोळी आत! म्हणून जोरजोरात मान हलवली.

"फिट आली गो," चुलत सासूबाई म्हणाल्या. "दातखीळ बसली. कांदा फोडा."

कांदा नाकाला लागला. पाठोपाठ कोणाची तरी चप्पल. मेहुणा कैलास चमचा घेऊन आला आणि "भावजी, जरा सोसा," म्हणत माझ्या दातांत घालू लागला. मी तोंडापुढे हात धरला.

"मामा, मला ती चालत नाही. मी दुसरं औषध घेतलंय."

"कसलं?"

"ब्लडप्रेशरचं."

"मग चालते की. मी दोन्ही घेतो."

"शुगरचंही."

"ते पण मी घेतो. आ करा."

"कोलेस्टेरॉलचं."

"ती रात्रीची. तिचा काय संबंध नाय."

सासऱ्यांच्या औषधांच्या पिशवीत नसलेलं आता एकच औषध उरलं होतं. कैलासने मागून माझं डोकं धरलं. गोळी ओठाला टेकली. अब्रू आणि जीव यांची मी मनात वजाबाकी केली.

"मामा, काल रात्री मी पुरुषांची गोळी घेतलीय. तिच्यावर ही दिलीत तर मी जाईन."

सासऱ्यांनी गोळी खिशात ठेवली आणि ते आढ्याकडे बघू लागले. (मंडपाला आढं नव्हतं.) कांदेवाल्या सासूबाई पदर तोंडाला लावून लांब गेल्या, पण ऐकू येईल इतक्याच. भावकीतल्या पुरुषांच्या नजरेत मात्र मला आजवर न दिसलेला आदर दिसला. एकाने खुर्ची पुढे केली. "बसा, पावणं. तुमी उभे नका राहू."

कैलासने जीप काढली आणि मला मानाने पुढच्या सीटवर बसवलं. सासरे आणि सुनंदा मागे. मुरबाडच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला.

"हृदय ठीक आहे. ही ॲसिडिटी. पण गोळीचं सांगितलंत ते फार बरं केलंत. नाहीतर अवघड होतं. कधी घेतली होती?"

"काल रात्री."

"गुण आला?"

मी खाकरलो. कैलास जरा पुढे सरकला. सासरे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. मंडपापासून एक शब्द न बोललेली सुनंदा तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"काल? काल हे कसलासा कागद वाचत बसले होते, डॉक्टर. वाचता वाचता चष्म्यासकट घोरायला लागले. दिवा मी बंद केला."

मंडपात कमावलेला मान मुरबाडपर्यंत टिकला. येताना पुढे सासरे बसले आणि मला मागे, भाड्याने आणलेल्या रिकाम्या पातेल्यांशेजारी जागा मिळाली.