वन्संचा काटा आणि माझं क्रंबल

सई आणि अर्णव,

परवा अर्णवने फोनवर माझ्याकडे क्रंबलची कृती मागितली. "आजी, लहानपणी घोडेगावला खाल्लेलं ते तपकिरी, आंब्याचं, हेल्दीवालं." वर हेही सांगितलं की तो हल्ली सकाळचे ओट्स छोट्या वजनकाट्यावर मोजून खातो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकटीच हसत बसले. मोजून खाण्याचं खूळ आपल्या घरात कुठून आलं, हे मला चांगलं ठाऊक आहे. कृती पाच-सहा ओळींत देता येईल. पण जिच्यामुळे ती कृती तशी झाली ती बाई पाच-सहा ओळींत मावणारी नव्हती, म्हणून एवढे कागद घेऊन बसले आहे.

जगात जे जे चवदार आहे त्यातली चव काढून घेऊन माणसांना निरोगी करायचं, एवढ्याच कामासाठी तुमच्या आजोबांच्या बहिणीचा जन्म झाला होता. माझ्याहून वयाने लहान, पण नणंद. त्यामुळे मी त्यांना वन्सं म्हणायची आणि त्या मला वैनी. तुम्ही त्यांना काटेवाली आजी म्हणायचात. डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या गावांत सरकारी नर्स म्हणून त्यांनी सगळी उमर काढली. लग्न केलं नाही. "एवढी पोरं तोलायची सोडून एका बाप्याचं पोट कुठं सांभाळत बसू," असं त्या म्हणत.

माणूस दिसला की आधी तपासायचा, मग ओळख करून घ्यायची, ही त्यांची रीत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई सूनमुख बघायला बसल्या होत्या. सासूबाईंनी आरशात बघायच्या आतच मागून एक हात आला, त्याने माझी खालची पापणी ओढली आणि आवाज आला, "आये, फिकी हाय. पालेभाजी घाल हिला." लग्नाच्या मांडवात पायाशी वाकलेल्या माणसाला आशीर्वाद मिळायचा तो "जीभ काढ" असा. दिवाळीत माझी चकली त्या जुन्या वर्तमानपत्रात दाबून दाबून तिचं तेल काढत. शेवटी तेल कागदावर आणि बातम्या चकलीवर. एका सत्यनारायणाला त्यांनी प्रसादाच्या शिऱ्यात साखर निम्मी केली आणि रव्यात नाचणी घातली. काळा प्रसाद बघून गुरुजी हबकले. म्हणाले, "अहो, शास्त्रात सव्वाचं माप आहे." वन्सं म्हणाल्या, "आसंल. पर देवाला डायबेटीस झाला तर सुई कोण टोचणार, तुमी?" गुरुजींनी तो प्रसाद डोळे मिटून खाल्ला. भक्तीने मिटले असतील, असं आजोबा म्हणाले.

आता काट्याविषयी. वर घड्याळासारखी तबकडी, खाली आकडा आणि आकड्याला चड्डीसारखी कापडी झोळी, असा तो लहान मुलं तोलायचा काटा. एकदा तो जीपमधून घाटात पडला आणि तेव्हापासून झोळी रिकामी असली तरी पाव किलो दाखवू लागला. सरकारने त्याला बाद केलं. निवृत्तीच्या दिवशी वन्संनी शाल-श्रीफळ परत केलं आणि तो बाद काटा मागून घेतला. मग काय, जिथे जातील तिथे काटा. एस.टी. मिळेल तेव्हा डिंभ्याहून यायच्या, पडवीतल्या कडीला काटा अडकवायच्या आणि आळीतली पोरं एकामागून एक त्यात लोंबायची. पोरं संपली की फणस, कलिंगड, शेजारच्यांचं मांजर. मोठी माणसं झोळीत मावत नाहीत, ही त्यांची कायमची खंत होती. दर वेळी आकडा वाचला की पुढे ठरलेलं वाक्य, "पाव वजा." मांजराचेसुद्धा पाव वजा करायच्या. खोटं वजन सांगणं त्यांच्या लेखी सगळ्यात मोठं पाप.

तर एका मे महिन्यात तुम्ही दोघं परदेशातून आईबरोबर, माझ्या लेकीबरोबर, आलात. सई, तू आल्या दिवसापासून आमटी-भात ओरपायला लागलीस. अर्णव, तू साडेचार वर्षांचा होतास. पहिल्याच आठवड्यात उन्हाने तुझं पोट बिघडलं. ते औषधाने थांबलं, पण तू खाणं जे सोडलंस ते सोडलंसच. पोळी दाखवली की तोंड भिंतीकडे. भात दाखवला की डोळे बंद. एकच धोशा, "क्रंबल." फळांच्या फोडींवर पिठाचा गोड चुरा पसरून भाजलेलं, तिकडे तुमच्या पाळणाघरात मिळायचं ते. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर पुण्याला नेऊन सलाईन लावू." तुमची आई दिवसभर तुला कडेवर घेऊन येरझारा घालत होती.

तेवढ्यात वन्सं आल्या, हातात पळसाच्या पानांत बांधलेली करवंदं. आल्या आल्या तुला झोळीत घातलं. आकडा बघितला, पाव वजा केले आणि नुसतं "हं" म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय मागतोय त्यो?"

मी सांगितलं. क्रंबल मला येत होतं. पुण्याच्या शाळेत मिशनरी बाईंनी शिकवलं होतं आणि माझ्याकडे काचेच्या खिडकीचा गोल विजेचा ओव्हनही होता. मी मैद्याचा डबा काढला.

"मैदा?" वन्सं ओरडल्या. "वैनी, मैद्याची खळ करून आमी कुटुंबनियोजनाची पोस्टरं भिताडाला चिकटवायचो. भिताडं पडली, पोस्टरं न्हाई पडली. पोराच्या आतड्याला काय चिकटवायचंय तुमाला?"

"अहो, पण कृतीत आहे."

"आणि लोणी एवढं? नुकतं पोट ठिकाणावर आलंय त्याचं! साखर? ती बी वाटीभर?"

मैदा गेला, तिथे नाचणी आणि जाडसर कणीक आली. लोणी गेलं, तिथे चमचा-दोन चमचे तूप आणि दाण्याचं कूट. साखर गेली आणि तिच्या जागी सुपारीएवढा गूळ, तोही मी मिनतवारी केली म्हणून. सफरचंद मे महिन्यात घोडेगावात नव्हतंच, म्हणून रायवळ आंबा आणि करवंदं.

"मग क्रंबलचं राहिलं काय, वन्सं?"

"भांडं ऱ्हायलं की!"

भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, बटण दाबलं आणि वीज गेली. त्या वर्षांत लोडशेडिंग असायचं. गेलेली वीज संध्याकाळपर्यंत यायची नाही. आम्ही दोघी भांडं फडक्यात बांधून भर उन्हात बेकरीत गेलो. दिवाळीत आम्ही सगळ्याजणी घरचं रवा-तूप नेऊन बेकरीवाल्या चाचांकडून नानकटाई करून घ्यायचो, त्यामुळे ओळख जुनी. सकाळचे पाव निघाले होते, भट्टी अजून तापलेली होती. चाचांनी फडकं बाजूला करून आत बघितलं.

"पीठ मळायचं ऱ्हायलं का?"

"न्हाई ऱ्हायलं. असंच भाजा," वन्सं म्हणाल्या.

"असंच? हा तर चुरा हाय."

"चुराच पायजे. पोरगं आजारी हाय, चाचा. जरा बेगीनं."

चाचा "बरं" म्हणाले. पण ते "बरं" मला काही बरं वाटलं नव्हतं.

दुपारी चाचा स्वतः भांडं घेऊन घरी आले. आजारी मुलासाठी म्हणून एवढ्या उन्हात पायी आले. फडकं काढलं तर आंब्यावर एकसारख्या वळलेल्या नानकटाया, रांगेत, प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक चारोळी.

"बाई, घाईत तुमचं वळायचं ऱ्हायलं व्हतं. मी वळून टाकलं. माझ्या भट्टीतनं चुरा भाईर गेला तर लोक काय म्हणतील? चारोळी आपल्याकडनं."

एवढ्या प्रेमाने सांगितलं की रागावायलाही जागा ठेवली नाही. अर्णव, तू भांड्यात डोकावलास. तुझा खालचा ओठ बाहेर आला. "हे क्रंबल नाही," म्हणालास आणि भिंतीकडे तोंड केलंस. तुमची आई रडायला लागली.

वन्सं उठल्या. स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा पितळी बत्ता आणला आणि तुझ्या हातात दिला. "मोड," म्हणाल्या. तुला कळेना. तेव्हा त्यांनी स्वतः मूठ आवळली आणि पहिल्या नानकटाईवर धाडकन मारली.

"अवं बाई!" चाचा कळवळले.

"चाचा, तुमी गप ऱ्हावा. मोड रं बाळा, मोड!"

तू बत्ता उचललास आणि मारलास. पुन्हा मारलास. एक चारोळी उडून चाचांच्या दाढीत बसली आणि तू हसलास. तो आवाज घरात आठवडाभर कुणी ऐकला नव्हता. रांगच्या रांग तू धुळीला मिळवलीस. मग बोट चाटलंस. मग दुसरं. मग भांड्यातच बसलास म्हटलं तरी चालेल. करवंदांनी तुझी हनुवटी जांभळी झाली. चाचा मयताला आल्यासारखा चेहरा करून आपल्या नानकटायांचा शेवट बघत होते, पण जाताना तुझ्या गालाला हात लावून म्हणाले, "खा बेटा, खा. उद्या आणखी वळून आणतो. मोडायला."

रात्री तू वरणभात खाल्लास. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी तुला झोळीत घातलं. काटा हलला, थांबला. वन्सं म्हणाल्या, "चढलाय." तुमची आई हसत हसत रडली. डॉक्टरांनीही तुझं पोट दाबून बघितलं आणि पुण्याला जायचं रद्द केलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी वन्संचे गुडघे गेले आणि त्यांचं येणं थांबलं. मग मीच डिंभ्याला जाऊ लागले. एकदा तेच क्रंबल करून नेलं होतं. दोनदा मागून घेतलं त्यांनी.

"साखर घातली का, वैनी?"

"घातली थोडी."

"वाटलंच. बरं लागतंय." मग म्हणाल्या, "त्या दिवशी पाव वजा करायचं ऱ्हायलं व्हतं."

"कोणत्या दिवशी?"

"अर्णव चढला त्या दिवशी."

"विसरलात?"

"मी? आन् इसरीन?" वन्संनी वाटी खरवडली. "लेकीचं तोंड बघवंना. पोरगं खायला लागलं व्हतं. काटा मागनं वर आला आसताच की." आणि लगेच मला म्हणाल्या, "जीभ काढा बघू."

तर अर्णव, कृती अशी. पिकलेल्या रायवळ आंब्याच्या फोडी, त्यात मूठभर करवंदं. तुझ्याकडे मिळणार नाहीत, तर कोणतंही आंबट फळ घे. वर वाटीभर नाचणी आणि जाडसर कणीक मिळून, अर्धी वाटी दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, चिमूटभर सुंठ आणि सुपारीएवढा गूळ, हे सगळं बोटांनी चोळून. मळायचं नाही. वरून लाल होईपर्यंत भाजायचं. साखर घालू नकोस. घातलीस तर थोडी घाल.

वन्संना जाऊन आता दोन पावसाळे झाले. चाचांच्या बेकरीत त्यांचा मुलगा बसतो. काटा मी डिंभ्याहून आणला आणि पडवीतल्या कडीला अडकवला आहे. झोळी धुऊन ठेवली आहे. तिच्यात कोणी नसतं, तरी काटा पाव किलो दाखवतो.